तीन गाठी

आई, हसशील, पण सांगतोच. रिटायर झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, मी ड्रमसेट शिकायला लागलोय. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, तुमचे हात-पाय एकमेकांना ओळखतच नाहीत असं समजा." म्हणजे दोन हात, दोन पाय आणि चौघांची चार कामं. माझं मात्र एक हललं की सगळं खानदान हलायचं. तिला काय सांगू, नागापूरच्या कंपनीत मी तीस वर्षं पत्रे दाबायची प्रेस चालवली, आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ती प्रेस खालीच येत नाही! बोटं वाचावीत म्हणून तशी सोय. दहाची दहा बोटं शाबूत आहेत, पण हात जन्माचे जुळे झालेत. त्यात माझ्या या छोट्या बाईंनी क्लासच्या कार्यक्रमात मला एका गाण्यात थोडी मोकळी जागा दिली. "तिथं मनाला येईल ते वाजवा," म्हणे. कंपनीत मनाला येईल ते करणाऱ्याला मेमो मिळायचा गं.

मग तू आठवलीस. पारनेरच्या घरात तू चुलीपुढं बसलीयेस, उजवा हात भाकरी थापतोय, डावा ती फिरवतोय, पायाच्या अंगठ्याला धाकटीच्या झोळीची दोरी आहे आणि तोंडानं माझा उद्धार चाललाय. "आरं येड्या, डबे काय बडवतो? पाढे म्हन की! लई झालं तुजं!" एवढं सगळं एकदम, आणि भाकरीला चीर नाही. एक दिवस तू पाण्याला गेलीस आणि जाताना दोरी माझ्या अंगठ्याला बांधून गेलीस. तू परत आलीस तेव्हा धाकटी जमिनीवर, हनुवटी फुटलेली, घर डोक्यावर घेतलेलं. दोरी तोवर मी काढून टाकली होती. म्हणालो, "आई, गाठ सुटली." तू मला एक शब्द बोलली नाहीस. "माजीच गाठ ढिली ऱ्हायली," म्हणत तिला छातीशी धरून रडत बसलीस.

त्यानंतर तू प्रत्येक गोष्टीला तीन गाठी मारायला लागलीस. माझ्या डब्याच्या फडक्यालासुद्धा! कंपनीत जेवायची सुट्टी अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं तुझ्या गाठी सोडवण्यात जायची. शेजारचा फिटर पाना घेऊन यायचा, "देऊ का?" म्हणून. सगळे हसायचे, मीही हसायचो. तू जाईपर्यंत तुझ्या गाठी तीनच राहिल्या.

परवा कार्यक्रम झाला. धाकटी खास कोपरगावहून आली होती, पहिल्याच रांगेत बसली. माझी मोकळी जागा आली आणि दोन्ही काठ्या एकदम खाली आल्या, धाडकन. परत एकदा, धाडकन. प्रेसच सुरू झाली म्हण ना. बाई डोळे मोठे करून बघतायत, मला दरदरून घाम फुटलेला. तेवढ्यात धाकटीच्या हनुवटीवरचा व्रण दिसला आणि काय झालं कुणास ठाऊक, उजवा हात थापायला लागला, डावा फिरवायला लागला आणि डावा पाय आपला सावकाश झोका द्यायला लागला. सगळे आपापल्या कामाला! थांबावंसंच वाटेना. शेवटी बाईंनी हात जोडले तेव्हा थांबलो.

खाली उतरलो तर धाकटीचे डोळे भरलेले. "दादा, आईच्या भाकरी होत्या ना त्या? आणि पाय कशाचा होता?" म्हटलं, "असाच." साठी उलटली, तरी तोंडातून खोटंच निघालं.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर पत्ताही नाही, म्हणून हे लिहायचं धाडस झालं. तुझ्या त्या फडक्यात बांधून ठेवतोय. एकच गाठ मारतोय, कारण तेवढी पुरते, आई. त्या दिवशीही पुरली होती. तुझी गाठ घट्ट होती गं. मी डबे बडवत होतो, आणि हातांबरोबर माझा पायच जोरात गेला.