गिझेलाचा शेला

प्रिय कुंदा,

फोनवर आपण भाजी, औषधं आणि हवा यांवर बोलून मोकळ्या होतो आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज कागद घेऊन बसले. हे सायकलवरून ब्रेड आणायला गेलेत. इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये नोव्हेंबर आला की दुपारीच दिवे लावावे लागतात. दमले आहे गं. काम काही फार नसतं, पण सगळं एकटीनंच आठवणीत ठेवायचं म्हणून दमायला होतं.

दसऱ्यानंतर आम्ही हंगेरीला जाऊन आलो, ते फोटोंवरून तुला कळलंच असेल. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून यांनी तिथल्या जुन्या कॅथेड्रलांच्या गावांचा ध्यास घेतलाय. दुसऱ्यांचे नवरे रिटायर झाले की बागकाम करतात, आमच्या नशिबी बिशप आले. माझे गुडघे तुला माहीतच आहेत. हे पुस्तक उघडून पुढे, मी बाक शोधत मागे, अशी आमची वरात चालायची.

सेकेशफेहेरवार नावाचं गाव आहे. (हे नाव एका दमात म्हणता येईपर्यंत गाडी सुटते.) तिथे पाचशे वर्षं हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक झाले. नियम फार कडक होता. गाव हेच हवं, मुकुट तोच हवा आणि तो एस्टरगोमच्याच आर्चबिशपनं घालायला हवा. यातलं एक जरी चुकलं तरी राजा खरा नाही. पुढे गाव तुर्कांनी घेतलं आणि नंतरच्या एका लढाईत आत साठवलेल्या दारूगोळ्याचा भडका उडून ते राज्याभिषेकाचं चर्चच उडालं. आता बागेत नुसतं जोतं उरलंय. मग पुढचे राजे कसे झाले, असं मी यांना विचारलं. दुसऱ्या गावात झाले म्हणे. कुणाचं काही अडलं नाही.

एस्टरगोमला तर नवं कॅथेड्रल बांधताना जुनं लाल संगमरवरी चॅपल तुकड्यातुकड्यांनी उतरवून नव्याच्या कुशीत पुन्हा उभं केलंय. हे सांधे शोधत बसले. मला मात्र आपले देव आठवत होते.

सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत रोजची पूजा तू केलीस. पण रीत म्हणजे रीत, त्या गेल्यावर कुलदेवतेचे टाक थोरल्या सुनेकडे यायचे. तू खणाचा बटवा शिवलास, त्यात देव ठेवलेस आणि माझ्या हातात दिलेस. इथल्या पहिल्या नवरात्रात घटाला माती कुठली घालायची, असा प्रश्न पडला. शेवटी बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या घरदुरुस्ती-बागकामाच्या दुकानातून, कुंड्यांच्या मातीची पिशवी आणली. चौथ्या दिवशीच गहू वीतभर वाढले. फोटो पाहून प्रसन्नभावजींनी फोन केला, म्हणाले, देवी तुमच्यावर भारीच खूश आहे. पिशवीवर जर्मनमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की आत खत घातलंय. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. त्यांना जाऊन, तू एकटी पडून दीड वर्ष होईल आता.

मल्हारला मी परवा विचारलं, आमच्यामागे देवांचं काय करशील? माझा प्रश्न मराठीत, त्याचं उत्तर नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये. बैठकीतल्या काचेच्या कपाटात छान दिसतील म्हणाला. मायेनंच म्हणाला, मला राग आला नाही. फक्त उठून चहा टाकायचंही बळ उरलं नाही.

शेवटचं गाव वेस्प्रेम. तिथे वारा तरी वाहतो नाहीतर घंटा तरी वाजतात, असं लोक म्हणतात. आम्हाला दोन्ही मिळालं. राणीला मुकुट घालायचा मान तिथल्या बिशपचा. पहिली राणी गिझेला ही आमच्या बायर्नची, म्हणजे आम्ही राहतो त्याच प्रांताची लेक, हजार वर्षांपूर्वी तिकडे दिलेली. नवरा असेतो तिचा केवढा मान. तो गेला आणि दरबारानं तिची मालमत्ता काढून घेतली, तिला बाजूला सारलं. शेवटी ती माहेरी परतली आणि मठात राहिली. पण तिनं नवऱ्यासह चर्चला दिलेलं एक भरजरी वस्त्र होतं. त्यावर तिच्या हातचेही टाके आहेत असं म्हणतात. पुढे त्याचाच शेला झाला आणि तो खांद्यावर घेऊन शतकानुशतकं राजे गादीवर बसले. विधवा चालली नाही, तिचा शेला चालला. वाऱ्यात उभी राहून मी रडले. हे समजले, गुडघे दुखतायत.

तर आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अष्टमीला देवळात वन्संनी तुझ्या हातातली साडी आणि ओटीचं ताट काढून घेतलं, म्हणाल्या, आता तू भरायची नाहीस, आणि तू चपलांपाशी जाऊन उभी राहिलीस. तुझ्या लेकीनं, वल्लरीनं, फोनवर रडत सांगितलं. तू मात्र भाजी, औषधं आणि हवा यांवरच बोललीस. तेव्हापासून मला झोप नाही. कुंदा, मी चैत्रात येते आहे. देव तुझ्याच बटव्यात, माझ्या मांडीवर बसून येतील आणि तुझ्या घरी राहतील. येत्या नवरात्रात घट तू बसवायचेस. कुणी विचारलं तर सांग, थोरलीचा हुकूम आहे. आयुष्यभर नुसता मिरवला तो मान, आता एकदा वापरते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू कर, वन्संना आग्रहानं बोलाव. हरभरे आदल्या रात्री भिजत घाल. देवीची ओटी तू भरशीलच, पण त्याआधी, सगळ्यांच्या देखत, माझी भर.

तुझीच,
वसुधा