फौजदारीण अजून चालते

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते. पत्ता तुझ्या त्या दाढीवाल्या मित्राकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याच्या दुकानात ठाण मांडूनच बसले होते. बाबांचे गुडघे आहेत तसेच आहेत. माझं सीट-कव्हरचं काम बरं चाललंय. मशीनची मोटर बदलली, आता जाड रेक्झिनसुद्धा कुरकुर न करता शिवते.

तू लिलावात घेतलेली ती पोलिसांची जुनी गाडी चालू आहे. ती कधीच भंगारात गेली असेल असं तू समजून बसला असशील, म्हणून आधी सांगते.

तू किल्ली टेबलावर आपटून गेलास, त्यानंतर बरेच दिवस आई गाडीकडे पाठ करून वावरत होती. मग एका सकाळी मला म्हणाली, "ती उभी राहून सडेल. मेकॅनिकला बोलाव."

मी म्हटलं, "तूच म्हणाली होतीस ना, या घरात एक तर ही पोलिसांची गाडी राहील, नाहीतर मी?"

"म्हणाले होते. आता दोघी राहतोय. बोलाव."

मेकॅनिक म्हणजे आपले कोपऱ्यावरचे काका. त्यांनी बॉनेट उघडलं, किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "हा आकडासुद्धा कमीच सांगतोय. पोलिसांची गाडी उभ्या उभ्या चालू असते. चाकं थांबतात, इंजिन नाही. आतून ही आजीबाई झालीय."

"आजीबाई कशाला, फौजदारीण म्हणा," आई म्हणाली. तेच नाव पडलं.

टपावरचा दिवा काढल्यावर राहिलेली भोकं कुणीतरी नुसता रंग फासून झाकली होती. पाऊस आला की आत ठिबकायचं. काकांनी तिथे पत्र्याचे तुकडे बसवले. डॅशबोर्डखाली वायरलेसच्या कापलेल्या वायरींचा झुबका होता, त्यातली एक पत्र्याला टेकून गुपचूप बॅटरी उतरवायची. ती सापडेपर्यंत आम्ही दोन बॅटऱ्यांना उगाच शिव्या घातल्या. मग रेडिएटर गळायला लागला. मग शॉकअप. एक नीट केलं की दुसरं डोकं वर काढायचं. बघता बघता मीही शिकले. ऑइल बदलते, प्लग साफ करते, ब्रेकचे पॅड बदलते. आई शेजारी स्टूल टाकून बसायची आणि कशातलं काही कळत नसताना हुकूम सोडायची. रोज सकाळी मला इंजिन चालू करायला लावायची. म्हणायची, "तो आला आणि गाडी सुरू झाली नाही, तर म्हणेल माझ्या वस्तूची कदर केली नाही."

दारावर पुसलेल्या अक्षरांची सावली उन्हात अजून दिसते. आम्ही बाहेर पडलो की पुढचे स्कूटरवाले घाईघाईने हेल्मेट डोक्यात घालायचे. आई पुढच्या सीटवर ताठ बसून त्यांच्याकडे डोळे वटारून बघायची आणि ते मागे पडले की पदर तोंडाला लावून हसायची.

मागची सीट मी नव्याने शिवली. मागची दारं मात्र आतून उघडत नाहीत, तुला माहीत आहे. पकडलेला माणूस पळू नये म्हणून आतल्या दांड्याच काढून टाकल्यात. काका म्हणाले, भंगारवाल्याकडे बघतो. आई म्हणाली, "राहू द्या हो, मागे बसतंय कोण?"

थांबते. दुकानात गिऱ्हाईक आलंय.

१३ नोव्हेंबर

गिऱ्हाईक काल लगेच गेलं. मी उगाच थांबले.

बाळ्या, आई गेली. ऑगस्टमध्ये.

तुझा जुना नंबर बंद होता, आणि त्या मित्राला तू शपथ घालून ठेवली होतीस. आई गेली हे माझ्या तोंडून निघेना, म्हणून तो तेव्हा बधला नाही. बाकी कुणाला विचारायचं ते मला सुचलं नाही.

सकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, हात जड झालाय. मग जीभ अडखळायला लागली. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, वेळ लागेल. मी गाडी काढली. बाबा तिला घेऊन मागे बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. रस्त्यावरचे लोक दारावरची अक्षरं बघून बाजूला होत गेले. इतकी मोकळी वाट मला आयुष्यात मिळाली नव्हती. मागे ती दोघं काहीतरी बोलत होती. इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून मी स्ट्रेचर आणायला धावले. परत आले तेव्हा बाबा आतून काचेवर हात मारत होते. दार मी बाहेरून उघडलं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कितीही लवकर आणलं असतं तरी हेच झालं असतं. दाराचं मी त्यांना मुद्दाम विचारलं. त्याने काही फरक पडला नाही म्हणाले. बाबाही तेच म्हणतात. "ती गेल्यावर मी काच वाजवली. ती असताना कशाला वाजवू?"

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. मागच्या सीटची एक शिवण उसवली होती, आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी ती आतून घ्यावी की वरून, याचाच विचार करत होते. घरी माणसं येत राहिली. मी चहा करत राहिले. माणसं यायची थांबली तशी मी पुन्हा गाडीला लागले. नुकतेच बदललेले ब्रेक पॅड परत उघडून बघितले. न गळणारा रेडिएटर उतरवला. शेवटी काकांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाले, "पोरी, जे बिघडलंच नाही ते मी तरी कसं दुरुस्त करू देऊ?"

गेल्या आठवड्यात त्यांना दाराच्या दांड्या मिळाल्या. आम्ही दोन्ही दारांना बसवल्या. नीट लागतंय का ते बघायला मी बाबांना आत बसवलं आणि दार बंद केलं. ते नुसते बसून राहिले. मी काचेतून खुणेनं दांडी दाखवली, तरी बसूनच. मी बाहेर उभी राहिले. हात पुढे केला नाही. मग खटका वाजला, दार उघडलं आणि ते गुडघे धरत उतरले.

उतरल्यावर म्हणाले, "तिने त्या दिवशी विचारलं होतं, गाडी कोण चालवतंय?"

"मग?"

"मी म्हटलं, धाकटा."

मी दांडी परत एकदा ओढून बघितली.

"तिचे डोळे मिटत होते गं. म्हणाली, 'आला का? हळू चालव म्हणावं त्याला.' एवढंच." मग म्हणाले, "त्याच्याकडे जाऊ या. हे त्याला सांगायला हवं."

मी म्हटलं, पत्ता नाही. म्हणाले, काढ. या वेळी दाढीवाल्याला मी आईचं सांगितलं. त्याने आत जाऊन पत्ता लिहून आणला आणि पाणी दिलं.

काका म्हणतात, लांबचा पल्ला आहे, पण झेपेल. अधूनमधून थांबून पाणी बघायचं, घाटात दामटायचं नाही. रविवारी सकाळी निघतो. तुला नकोच असेल तर तसं कळव, पण बाबांना कळव, मला नको. दारात आल्यावर काही बोलायलाच हवं असं नाही. बाबांना जिना चढवताना एका बाजूने धर, तेवढं पुरे.

त्यांनी आईला जे सांगितलं त्याचा मला राग नाही. तिला हवं ते मिळालं. तेही तुला हेच सांगतील, आणि तू रडशील, रड. फक्त तुझ्या मनात पुढे कधी घोळ नको, म्हणून लिहून ठेवते. गाडी मी चालवत होते.

तुझी,
ताई