सहाव्या भागातली अकरा मिनिटं

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
भोंगूचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्या खुनाच्या मालिकेवरचं तुमचं मत मी स्टुडिओत मोठ्याने वाचून दाखवलं. खुनी आपल्याला पहिल्या भागात कळतो आणि पोलिसांना आठव्यात, मधले सहा भाग पोलिसांची अक्कल शोधण्यात गेले, हे तुमचं वाक्य रेकॉर्डिस्टने भिंतीवर चिकटवलंय. छत्तीस वर्षं थिएटरच्या बूथमध्ये मशीन चालवलेल्या माणसाचं मत आहे म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही.

आता माझी बातमी. परदेशातली एक मालिका आपल्या भाषेत आली आहे, न्यायाधीश बाईची. त्या बाईला आवाज माझा आहे. आजवर गर्दीतल्या किंकाळ्या, एक बोलकं मांजर आणि नायिकांच्या बहिणी केल्या. नायिका पहिल्यांदाच मिळाली. बाईच्या मुलावर आरोप येतो आणि सहाव्या भागात ती त्याच्यासमोर बसून अकरा मिनिटं एकटी बोलते. त्या अकरा मिनिटांना आम्हाला चार दिवस लागले. बाकीचं कसंही बघा, तेवढं नीट ऐका. आणि कृपा करून आवाज चालू ठेवा. मशीनच्या खडखडाटात मुकी चित्रं बघायची तुमची सवय मला माहीत आहे, पण थिएटर बंद होऊन नऊ वर्षं झाली, आता घरात शांतता आहे.

फोन तर तुम्ही चार वर्षांपासून उचलतच नाही. फोनवर माणूस मनातलं बोलत नाही म्हणता, तेव्हा पत्राचीच वाट बघते. मत खरं द्या, लेक म्हणून सूट नको.

तुमची भोंगू


दि. १३ मार्च

चि. भोंगूस,
अ. उ. आ.

आठही भाग पाहिले. आवाज चालू ठेवूनच पाहिले. सूट नको म्हणालीस, देत नाही.

या लोकांनी दिव्यांशी वैर का धरलंय ते एकदा कुणीतरी मला सांगावं. कोर्टात अंधार, स्वयंपाकघरात अंधार, भर दुपारी गाडीत अंधार. पडद्यावर बाईपेक्षा जास्त वेळ मला माझंच थोबाड दिसत होतं. आमच्याकडे असं चित्र पडलं असतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या आणि शिव्या मी खाल्ल्या असत्या. दुसऱ्या भागात बाईचा चष्मा डाव्या हातात आहे, पापणी लवते न लवते तोच उजव्या. एवढे पैसे ओतता, मग चष्म्यावर लक्ष ठेवायला एक माणूस ठेवायला काय होतं? वकील बरा, त्याला निदान चालता येतं. मुलगा शुद्ध ठोकळा.

आणि तुझा सहावा भाग. बाई अकरा मिनिटं नुसती तोंड हलवते. ना कॅमेरा हलत, ना बाई. मीच दोनदा उठलो, पाणी पिऊन आलो. बूथच्या झरोक्यातून मी पडद्यापेक्षा लोकांची डोकी जास्त बघायचो, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. किती डोकी उठली यावरून सिनेमा कळतो. या अकरा मिनिटांत अर्धं थिएटर उठलं असतं.

तुझं काम चांगलं झालं असणार. घशाला जप, गरम पाणी घे. तुझी आत्या मंगळवारी येणार आहे, तिला तुझं सांगतो.

बाबांचे आशीर्वाद


दि. १९ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

वि. वि. लिहीत नाही, कारण विनंती काही उरलेली नाही.

चांगलं झालं असणार, म्हणजे काय? शेजारणीच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलावं तसं? चष्मा कुठल्या हातात होता ते दिसलं, मुलगी काय बोलली ते ऐकू आलं नाही? त्या परक्या बाईचे ओठ मिटतात तिथे आपलं वाक्य उघडं राहतं, तिचा श्वास संपतो तिथे आपलं क्रियापद यायचं असतं. एकेक वाक्य वीसवीस वेळा फिरवलं. तिसऱ्या दिवशी घसा बसला, चौथ्या दिवशी बसक्या घशानेच बोलले आणि तोच ठेवला. शेवटचं वाक्य मी आई बोलायची तसं बोलले, रागावून सुरू करून हळूहळू खाली उतरवत. रेकॉर्डिस्टने आईला कधी पाहिलंही नाही, तरी तो चष्मा पुसत बसला. आणि तुम्ही तिच्याबरोबर तीस वर्षं काढलीत, तुम्ही तेवढ्यात पाणी प्यायला उठलात.

भोंगू हे नाव तुम्हीच ठेवलंत ना? आई डबा घेऊन बूथच्या जिन्यात आली की माझं रडणं मशीनच्या वर ऐकू यायचं, हे तुम्ही सगळ्या गावाला सांगत फिरलात. माझ्या आवाजाचं कौतुक तेवढंच, पाळण्यातलं. यापुढे माझं काही बघू नका. मतही नको.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

भोंगू


दि. २४ मार्च

चि. भोंगू,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक रट्टा.

तुझं पत्र तुझ्या बापाने माझ्यासमोर टाकलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. त्याने शपथ घातली म्हणून मी गप्प होते, पण असली शपथ पाळायला मी काही बधिर नाही. बधिर तो आहे, आणि अक्षरशः आहे.

परवाच्या मंगळवारी मी त्याच्या दारावरची घंटा वीस मिनिटं वाजवली. मालिकेचा आवाज इतका मोठा की जिना थरथरत होता. खालच्या मजल्यावरची बाई वर आली. ती म्हणाली की गेले दहा दिवस हा एकच भाग लावतोय, पहिल्यांदा न्यायाधीश बाईबरोबर तीही रडली, पण आता जरा आवाज कमी करायला सांगा. शेजारणीकडची किल्ली आणून आत गेले, तर हा टीव्हीला कान चिकटवून उभा. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकला. तो पाणी प्यायला उठला नव्हता, भोंगू. कान लावायला उठला होता.

मी तीस वर्षं वॉर्डात नर्स होते. माणसाच्या चालीवरून मला दुखणं कळायचं, आणि सख्ख्या भावाचं कळलं नाही. याचा राग मला माझा येतो. दुसऱ्याच दिवशी त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कान गेलेत, त्या मशीनपायी. शब्द जाऊन चार वर्षं झाली. यंत्र लावलं तर घुमल्यासारखं ऐकू येईल, बोलणं उमजणार नाही. हा मला म्हणतो, पोरीला सांगू नको, तिचं पोट आवाजावर आहे, बापालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर ती कुणासाठी बोलेल. लेकीपेक्षा खोटं जवळचं.

त्याच्यावर हवी तेवढी रागाव. पण खऱ्या कारणासाठी रागाव.

तुझी आत्या


दि. २८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. तिच्यावर डाफरू नका.

ऐकू येत नाही याचा राग नाही. चार वर्षं ऐकू येतंय असं लिहिलंत, याचा आहे. तुम्ही फोन उचलला नाहीत की मला वाटायचं, माझं काम तुम्हाला थिल्लर वाटतं. मी घरी आले की तुम्ही तोंडाकडे टक लावून बसायचात, तेव्हा मी आरशात जाऊन बघायचे की एवढी दमलेली दिसते का. तुम्ही माझे ओठ वाचत होतात. मालिकेत ओठ त्या बाईचे, परक्या भाषेतले, तिथे तुम्ही काय वाचणार होतात? एक ओळ लिहिली असतीत तर मी धावत आले असते. मी किती वाईट बोलले तुम्हाला, आणि ते मला बोलायला लावलंत तुम्हीच. हे मी लवकर विसरणार नाही.

मंगळवारी, नऊ तारखेला, पुढच्या भागांचं काम सुरू होतंय. आत्या तुम्हाला घेऊन येईल. मी आत उभी राहते, बाहेर रेकॉर्डिस्ट बसतो, मध्ये काच आहे. तुमच्या झरोक्याहून मोठी. तुम्ही काचेमागे बसा. मत लेखी द्या. सूट नको.

येणार नसाल तर पत्र पाठवू नका.

तुमची भोंगू


दि. १२ एप्रिल

चि. भोंगूस,
अ. उ. आ.

मत देतो.

तुमच्या स्टुडिओतही अंधारच. तोंडावर एक दिवा, तोही खालून, त्यामुळे तुझं नाक आहे त्याहून मोठं दिसतं. चहा पाणचट. रेकॉर्डिस्ट सारखा मान डोलावतो आणि बरोबर मध्ये येतो, त्याला मी दोनदा बाजूला सरकवलं. भिंतीवरचं माझं वाक्य वाचलं. त्यात एक शब्द गाळलाय, दुरुस्त करायला सांग.

मी खोटं लिहिलं. चूक झाली. मशीनवर राग काढावा तर ते भंगारात गेलं, मग तो त्या बाईच्या चष्म्यावर काढला. ती बाई वाईट नव्हती. तुझं तोंड तिच्या तोंडामागे होतं आणि मला ते दिसत नव्हतं, याचा तो राग होता. दहा दिवस मी टीव्हीवर हातही आपटून पाहिला.

काम संपल्यावर तू सगळ्यांना थांबवून ती अकरा मिनिटं माझ्यासाठी पुन्हा केलीस. बोलताना डावी टाच उचलतेस. खोटं रडत असलीस की भुवया वर जातात, खरं रडताना जात नाहीत. त्या दिवशी गेल्या नाहीत. शब्द न् शब्द वाचला. आणि शेवटच्या वाक्याला तू हनुवटी छातीला लावलीस. तुझी आई रागातून उतरताना अगदी अशीच लावायची. टीव्हीत हनुवटी त्या परक्या बाईची होती, मी ओळखणार कसं?

अकरा मिनिटं कॅमेरा हलला नाही. काचेमागे बघणारं डोकं एकच होतं.

ते उठलं नाही.

बाबा