केयाच्या नावाने

डब्लिन, ओहायो
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. केया हिस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. तूही बरी असशील, निदान गुडघ्याची सूज तरी उतरली असेल.

पाकिटातून मराठी अक्षर निघालेलं पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. रविवारच्या मराठी शाळेत तू तीनच वर्षं टिकलीस, पुढचे सगळे रविवार सॉकरने खाल्ले. तरी बोट ठेवून ठेवून वाचशील. अगदीच अडलं तर माझ्या मित्राची, संग्रामकाकांची सई तुमच्या स्टेट कॉलेज गावातच पीएचडी करते आहे, तिच्याकडून वाचून घे. पुढे जे लिहिलंय ते परक्या पोरीने मोठ्याने वाचावं असं नाही. तरी तिला सांग, एकही ओळ गाळू नकोस.

इंग्रजीत लिहून पाहिलं होतं. पहिलंच वाक्य 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' असं झालं आणि हात थांबला. तुझ्या नावाने कोचना इतक्या मेल लिहिल्या, की माझं स्वतःचं इंग्रजी कुठलं तेच मला कळेनासं झालंय.

इकडे नवीन काही नाही. शेजारच्या देवयानीकाकूंनी दिवाळीत चकल्या दिल्या, निम्म्या अजून डब्यात आहेत. एकट्या माणसाकडून चकल्या संपत नाहीत. शनिवारी सकाळी मी अजूनही क्लबच्या मैदानावर गोलांना जाळ्या बांधायला जातो, दुधाची तहान ताकावर. परवा एका नव्या बाईंनी विचारलं, "विच वन इज युअर्स?" मी छोट्या मुलींच्या घोळक्याकडे कुठेतरी बोट दाखवलं आणि घरी निघून आलो. खोटं बोलायची सवय लवकर जात नाही.

आई गेली तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. त्यानंतर मंगळवार-गुरुवारची प्रॅक्टिस, शनिवारच्या मॅचेस, इंडियाना नाहीतर केंटकीतली मोटेल्स, यांवरच माझा आठवडा उभा राहिला. तू मागच्या सीटवर मोजे बदलत डब्यातले पोहे खायचीस आणि त्या दिवशीची कोच किती अनफेअर होती ते सांगायचीस. घरी आपण फारसं बोलत नव्हतो. बोलायचो ते गाडीतच.

कॉलेजच्या कोचना मुलीने स्वतः लिहायचं असतं, आईबापांनी लिहायचं नाही, हे क्लबच्या मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं. मी मान हलवली आणि घरी येऊन तुझ्या नावाचं खातं उघडलं. आमच्याकडे पोरांनी अभ्यास करायचा आणि फॉर्म बापाने भरायचा. माझे इंजिनिअरिंगचे सगळे फॉर्म आप्पांनी भरले, सहीसुद्धा त्यांनीच ठोकली. त्यामुळे आपलं काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. तुला सांगितलं तेव्हा तूही म्हणालीस, "व्हॉटेव्हर बाबा, थँक्स."

खरं सांगायचं तर मला मजा यायची. दिवसभर डेटाबेस सांभाळणारा पन्नाशीचा माणूस संध्याकाळी सोळा वर्षांची लेफ्ट विंगर व्हायचा. 'बॉल गेला की तो परत मिळवायला मी सगळ्यांत आधी धावते,' असं मी बिनधास्त लिहायचो. मी जिना चढताना दमतो.

मग त्या प्रोफेशनल क्लबच्या बाईंची मेल आली. त्यांनी इंडियानात तुला खेळताना पाहिलं होतं. उन्हाळाभर येऊन आमच्या खेळाडूंबरोबर सराव कर, एका कुटुंबात राहायची सोय करू, असं लिहिलं होतं. मी तासाभरात तुझ्या नावाने उत्तर दिलं, की मला आधी शिक्षण पूर्ण करायचं आहे. तुला त्यातलं काहीच सांगितलं नाही.

एवढं तुला ठाऊक आहे. कॉलेजच्या पहिल्याच सीझनला त्या बाई मॅच बघायला आल्या आणि तुझ्याशी बोलल्या. इतक्या लहान वयात इतकी समजूतदार मेल त्यांनी वाचली नव्हती म्हणे. त्या संध्याकाळी तुझा फोन आला.

"बाबा, डिड यू से नो ॲज मी?"

मी म्हणालो, "अगं, तुझ्या शिक्षणासाठीच ना. एकदा प्रो क्लबशी करार केला की कॉलेजकडून खेळता येत नाही."

तू म्हणालीस, "ओके."

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून वाढदिवसाचा मेसेज येतो आणि मी काही विचारलं की 'ऑल गुड'. सुट्टीला तू मैत्रिणींच्या घरी जातेस.

आता तुला ठाऊक नसलेलं लिहितो. तीनदा उठून चहा करून आलो.

माझ्या नकारानंतर चार दिवसांनी बाईंनी पुन्हा मेल केली होती. करार नको, पैसे नकोत, नुसता सराव कर, कॉलेजकडून खेळायचा तुझा हक्क शाबूत राहील, मी नियम तपासून सांगते आहे, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणजे फोनवर जे कारण मी तुझ्या तोंडावर फेकलं, ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. ती मेल मी दोनदा वाचली आणि डिलीट केली.

शिक्षणाचा काही संबंध नव्हता, केया. तू गेलीस तर मंगळवारी संध्याकाळी मी काय करायचं, ते मला सुचेना. आईला जाऊन तीनच वर्षं झाली होती आणि मला घरात एकटं राहायची भीती वाटत होती. कारण एवढंच. ते सांगायची लाज वाटली म्हणून तुझ्या शिक्षणाच्या आड लपलो. त्या उन्हाळ्यात तुझ्या जागी दुसरी मुलगी गेली. ती आता त्या टीममध्ये आहे, तिच्या मॅचेस मी टीव्हीवर बघतो. ती तुझ्याइतकी वेगवान नाही.

गेल्या महिन्यात मी तुझी मॅच बघायला आलो होतो, साडेपाच तास गाडी चालवून. चोराच्या मनात चांदणं, म्हणून पाहुण्या टीमच्या बाजूला बसलो. तू बाहेर आलीस आणि गुडघ्याला बर्फ बांधून बसलीस. मॅच संपल्यावर सगळ्यांचे आईबाप मैदानात उतरले. तू एकटीच बॅग भरत होतीस. मला उतरायचं धैर्य झालं नाही.

आणि आता बुधवारी त्याच बाईंची मेल आली, तुझ्या जुन्या क्लबच्या फॉर्मवर पालक म्हणून दिलेल्या माझ्या पत्त्यावर. प्रो क्लबांनी कॉलेजच्या मुली पाळीपाळीने निवडायची ती ड्राफ्टची पद्धत आता बंद झाली, क्लब थेट मुलींशी बोलतात. तुझा हा शेवटचा सीझन, म्हणून जानेवारीच्या शिबिराला तुला बोलवायचंय. 'वुड शी बी इंटरेस्टेड, डू यू थिंक?' असं मलाच विचारलंय. मी घाईघाईने 'येस, ॲब्सोल्यूटली' लिहिलं. पाठवणार तेवढ्यात लक्षात आलं, की हेही तेच. होकार झाला म्हणून काय, तो माझाच. खोडलं आणि लिहिलं, मी तिचा बाप आहे, उत्तर तीच देईल.

ती मेल तुला फॉरवर्ड केली आहे. माझ्या मेल तू उघडत नाहीस हे माहीत आहे, म्हणून छापून सोबत ठेवली आहे. तीस तारखेपर्यंत कळवायचंय. जा म्हणत नाही, नको म्हणत नाही, गुडघ्याबद्दलही काही बोलत नाही.

माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहून खोडलं. मी वाट बघणार आहे. पण आधी त्या बाईंना लिही.

तुझा
बाबा