खाटेऐवजी साहेब रंगले

ती. मावशीस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात अजून थोडे पिवळे आहेत, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस, आणि चढलीसच तर मला कळवू नकोस, उगाच जिवाला घोर लागतो. मी ठणठणीत आहे.

तुला माहीतच आहे, लोखंडी सामानाला रंगाची भुकटी मारायच्या आमच्या कारखान्यात मी अजून तात्पुरती आहे. इस्पितळाच्या खाटांचं मोठं काम मिळालं तर मला कायम करायचं मालकीणबाईंनी कबूल केलंय. नाही मिळालं तर मी पुन्हा दादाच्या दुकानात पिशव्या भरत बसणार. मला इथलं काम मनापासून आवडतं गं. तू वर्गात विद्युत प्रभार शिकवायचीस तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असे, हे खरं. पण आता तोच धडा रोज हातात रंगाचं पिस्तूल घेऊन गिरवते. भुकटीच्या कणांना ऋण प्रभार मिळतो, खाट आकड्यांनी साखळीला टांगलेली, साखळी जमिनीला जोडलेली, म्हणून भुकटी आपणहून खाटेकडे धावते. क्षेत्ररेषा वळून मागेही जातात, त्यामुळे खाट न फिरवता तिची पाठसुद्धा रंगते. (हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नाचलेच होते.) मग खाट भट्टीत भाजली की रंग पक्का होतो.

तर आज इस्पितळाचे खरेदी अधिकारी नमुना बघायला यायचे होते. जुनाट आकडे बरे दिसत नाहीत म्हणून काल मी हौसेने त्यांनाही पिवळा रंग मारला आणि भट्टीतून छान भाजून काढले. इतके देखणे झाले की मालकीणबाईंनी माझं तोंडभरून कौतुक केलं. भाजलेल्या रंगातून वीज जात नाही, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

साहेब आले. शर्ट पांढराशुभ्र, कपाळाला आठ्या. मी पिस्तूल सुरू केलं. थोडी भुकटी खाटेवर बसली, पण तिच्या प्रभाराला जमिनीत उतरायला वाट कुठे होती? तो खाटेवरच साचला आणि खाट नव्या भुकटीला हाकलून द्यायला लागली. सजातीय प्रभार, मावशी! तुझा आवाज कानात घुमला, पण जरा उशिरा. बिचारी भुकटी जाणार कुठे? साहेब जमिनीला जोडलेला लोखंडी कठडा घट्ट धरून पुढे वाकले होते. भुकटी खाटेवर का बसत नाही ते बघायला ते आणखी जवळ सरकले. अंतर निम्मं झालं की बल चौपट होतं, हे त्यांना घरी कोणी सांगितलं नसावं.

मी पिस्तूल बंद केलं तेव्हा साहेब कपाळापासून बुटांपर्यंत पिवळे होते. चष्मा काढला तर डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं. आणि मी काय करावं? मागे जाऊन बघून आले आणि आनंदाने म्हणाले, "साहेब, पाठसुद्धा एकसारखी आलीय."

मालकीणबाईंनी सावरून घ्यायला म्हणून खाटेवर हात ठेवला, तर चटकन ठिणगी उडाली आणि त्या भुकटीच्या पिंपावर जाऊन बसल्या. आमचा फिटर तर हसून हसून खांबाला टेकला. शेवटी आम्ही हवेच्या नळीने साहेबांना झटकलं. त्यांनी सही न करता कागद पिशवीत घातले, घरी जाऊन ठरवतो म्हणाले आणि गेले. मग मी आकडे खरवडून खाट पुन्हा रंगवली. इतकी सुरेख आली की मला रडूच आलं.

तुझी भाची

ता.क. खरेदी अधिकारी म्हणजे आपले काका, तुझे यजमान, हे लिहायचं राहिलंच. नात्यातल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून कारखान्यात ओळख दाखवायची नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. पिवळे झाल्यावर ते मला मुळीच जड गेलं नाही.

आणखी ता.क. पत्र टेम्पोवाल्याबरोबर पाठवतेय, काकांना आधी इस्पितळात जायचंय, तेव्हा तो त्यांच्या आधी पोचेल. शर्टाला इस्त्री करू नकोस, पिवळा रंग पक्का बसेल. सोबत नमुना म्हणून नव्याने रंगवलेला खाटेचा एक दांडा पाठवलाय. काकांना तो नखाने खरवडून बघू दे, आणि पसंत पडला तरच सही घे. सहीचा उजवा हात आम्ही सगळ्यात आधी स्वच्छ केलाय.