झाकणातली चिठ्ठी

अण्णा, तुमच्या नातवाला शाळेत चंद्रावर माणसं नेणाऱ्या जुन्या यानांवर प्रोजेक्ट दिलाय. टॅबवर त्यानं फोटो दाखवला, यानाच्या भिंतीत बसवलेला सेक्स्टंट, कोन मोजायचं यंत्र. "मम्मा, हे तर शिपवालं आहे ना?" म्हटलं, हो, आजोबा मत्रहच्या बंदरामागच्या दुकानात हेच दुरुस्त करायचे. मग तुमचीच गोष्ट त्याला सांगितली. अंतराळवीर तारा आणि पृथ्वीची कड यांतला कोन मोजून आपण कुठे आहोत ते ताडून बघत. पण हवेमुळे ती कड धूसर, प्रत्येकाला थोडी वरखाली दिसायची. म्हणून कोण किती चुकतो ते आधीच मोजून हिशेबातून वजा करत. "माणूस चुकणारच, किती चुकतो ते ठाऊक असलं की झालं," असं तुम्ही गिऱ्हाइकांना किती कौतुकानं सांगायचात. दुकानातल्या प्रत्येक सेक्स्टंटची चूकही मोजायचात आणि पेटीच्या झाकणात तशी चिठ्ठी चिकटवायचात.

मला मात्र तुम्ही एक चूक माफ केली नाहीत. चोवीस वर्षांची होते, दोन वर्षं तुमच्या शेजारी बसून काम शिकले होते. मला आयुष्यात दुसरं काही करायचं नव्हतं, आणि ते तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही जेवायला गेलात आणि मी घाईत एका कप्तानाच्या सेक्स्टंटचा आरसा स्पिरिटनं पुसला, पाठीमागूनसुद्धा. पारा उडाला. त्याचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं. तुम्ही त्याला स्वतःचा सेक्स्टंट देऊन टाकलात आणि त्याच्यादेखत मला म्हणालात, "खलास. परत हात लावायचा नाही." वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. तुम्ही गेलात तोवर पाच वर्षं मी काउंटरवर बसून फोन घेतले.

त्या बिघडलेल्या सेक्स्टंटची पेटी मी तेव्हापासून उघडलीच नव्हती. आज प्रोजेक्टसाठी ती इथे अल हैलच्या घरात कपाटावरून काढली. आरसा लख्ख होता. कधीतरी गुपचूप तुम्ही त्याला नवा पारा चढवला होतात, आणि झाकणात तुमच्या अक्षरात चिठ्ठी, किती वजा करायचं त्याची. यंत्राचं सगळं निस्तरलंत आणि माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. इतका संताप आला, की पेटी फेकावीशी वाटली.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? एवढंच सांगते. पेटी मी उघडली, पण सेक्स्टंट पोरालाच बाहेर काढायला लावला. तो म्हणत होता, "तू धरून दाखव ना." मी लांबूनच सांगत राहिले. मी सेक्स्टंटला अजून हात लावलेला नाही, अण्णा.