ताईचे चार मजले

४ मार्च
आज गुडघ्यात माझंच रक्त टोचलं. म्हणजे दंडातून काढलं, मशीनमध्ये गरगर फिरवलं आणि वर आलेला पिवळा भाग इंजेक्शनने गुडघ्यात. डॉक्टर म्हणाले, झीज भरून येणार नाही, दुखणं कमी होऊ शकेल. हे लोक आधीच अंग काढून घेतात. रक्त माझं, गुडघा माझा. या दोघांचं जमणार नाही तर कुणाचं जमणार?
पेनकिलर बंद, नाहीतर इंजेक्शनवर पाणी. ठीक. पाळू.

५ मार्च
ताईचा फोन. चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळली आहे. बिल्डिंगला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, सख्ख्या बहिणीकडे मात्र जिना.
भाचा म्हणाला, मामा, खुर्चीत बसा, आम्ही उचलून नेतो. म्हटलं, मी काय कपाट आहे? ताई म्हणाली, उचलून आणलं तरी चालेल रे, पण ये. सांगितलं, माझ्या पायांनीच येईन. आपला शब्द म्हणजे शब्द.

६ मार्च
ठणका. म्हणजे आत काम चालू आहे.

९ मार्च
ड्यूटीवर. मशीनरूम गच्चीवर, आणि लिफ्ट बंद असेल तिथेच आम्हाला बोलावतात. एक पेनकिलर घेतली. अर्धीच घेणार होतो, मोडेना.

१५ मार्च
गुडघा फर्स्ट क्लास. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. इंजेक्शनचा गुण आला.

२२ मार्च
हिला टूलबॉक्समध्ये गोळ्या सापडल्या. म्हणाली, डॉक्टरांना फसवताय की स्वतःला? बायकांना लगेच टोकाचं बोलायचं असतं. गोळ्या बंद. उद्यापासून.

२९ मार्च, संध्याकाळ
ताईकडे गेलो. कुणाला न सांगता, ट्रायल म्हणून. पहिला मजला कसाबसा चढलो आणि पायरीवर बसलो. वरून तिचा खोकला ऐकू येत होता. भाच्याला हाक मारली असती तर खुर्ची घेऊन आला असता. मारली नाही.
खाली येऊन तिला फोन केला. रविवारी नक्की, म्हटलं. तिने विचारलं, आमच्या गेटचा आवाज येतोय, खाली आहेस का? म्हटलं, छे, घरी आहे. बरं, म्हणाली.

५ एप्रिल, रविवार
गुडघा सुजलाय. पुढचा रविवार.

८ एप्रिल
ताई खाली आली. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना, म्हणून खुर्चीत बसवून चादरीने बांधून आणली. माझ्यासाठी काढून ठेवलेली तीच खुर्ची. भाचा एका बाजूला, शेजारी दुसऱ्या. मी गेटपाशी, शववाहिनीजवळ उभा.
तिच्याजवळ खाली बसायचं होतं. गुडघा वाकला नाही. उभ्यानेच पाहिलं. फार वाईट वाटलं.
रात्री हिने विचारलं, उद्या दुसरं इंजेक्शन आहे, जायचं ना? म्हटलं, आता कुठे चढायचंय.